‘मिशन देशाच्या बाजूचं की विरोधातलं?’ हा प्रश्न मी सिनॉप्सिसमधून का काढला

सिनॉप्सिसचा पहिला मसुदा गाईड मॅडमसमोर ठेवला, तेव्हा त्यांनी पहिल्याच पानावर एका वाक्याखाली रेघ मारली. वाक्य असं होतं: ‘ख्रिस्ती मिशनऱ्यांनी राष्ट्रीय जीवनाला हातभार लावला की अडथळा आणला, याचा शोध प्रस्तुत अभ्यासात घेतला जाईल.’ मॅडम म्हणाल्या, “याचं उत्तर तू आधीच ठरवलंयस. मग पुढची तीन वर्षं काय करणार?”

तेव्हा राग आला होता. आज तुमच्यासाठी हा लेख लिहिताना वाटतं, त्या रेघेमुळेच माझा विषय सुरू झाला. तुमच्यापैकी अनेकजण आत्ता पेट देऊन बसले असतील, कुणी विषय शोधत असतील. धर्म आणि सार्वजनिक जीवन या विषयावर काम करायचं असेल, तर रिसर्च क्वेश्चन कसा चुकतो आणि कसा सुधारतो, ते मी माझ्याच कामावरून सांगते. माझं क्षेत्र बारामती आणि इंदापूर, पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे दोन तालुके.

पुण्यातून पाहिलं की काय दिसतं

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती धर्माबद्दल वाचायला घेतलं की आपल्या हातात ठरलेली नावं येतात. बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, रेव्हरंड ना. वा. टिळक, लक्ष्मीबाई टिळक. ही माणसं मोठी आहेतच, त्याबद्दल वाद नाही. पण त्यांच्यावरून जो प्रश्न तयार होतो, तो बहुतेक वेळा एकच असतो: धर्म बदलला म्हणजे माणूस आपल्या समाजाचा राहतो का?

रमाबाईंचं उदाहरण घ्या. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, दुसऱ्या वर्षी ते पुण्यात आलं. १८९३ मध्ये तिथल्या मुलींवर ख्रिस्ती प्रभाव पडतोय म्हणून गदारोळ झाला, पालकांनी मुली काढून नेल्या, न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. टिळकांचं उदाहरण घ्या. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेला हा कवी देशभक्तीच्या कविता लिहीत राहिला आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारायला निघाला. दोन्हीकडे प्रश्न निष्ठेचा आहे. आणि दोन्हीकडे बोलणारी माणसं शिकलेली, स्वतःचं म्हणणं स्वतः लिहून ठेवणारी आहेत.

आता पुण्याहून दौंडमार्गे बारामतीच्या गाडीत बसा. वाटेत केडगाव लागतं, रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथेच आहे. तिथपर्यंत पुण्याचा प्रश्न तुमच्यासोबत असतो. पुढे बारामतीला उतरलात की तो पुरत नाही. कारण इथे ज्यांचा मिशनशी संबंध आला, त्यातल्या अनेकांना ‘तुम्हाला यायचंय का?’ असं कुणी विचारलंच नव्हतं. त्यांना सरकारने तिथे आणून ठेवलं होतं.

एक शब्द, दोन कामं

इंग्रजी राजवटीच्या कागदांत ‘सेटलमेंट’ हा शब्द सारखा येतो. मी सुरुवातीला तो एकाच अर्थाने वाचत होते आणि फसले. म्हणून हे नीट समजून घ्या.

पहिली सेटलमेंट जमिनीची. मुंबई इलाख्यात जी रयतवारी मोजणी पुढे सगळीकडे गेली, तिची सुरुवात इंदापूर तालुक्यात झाली. प्रिंगलची आधीची मोजणी फसली होती, सारा बसवताना शेतकरी पिळला गेला होता. १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरात पुन्हा काम सुरू केलं: जमिनीचे तुकडे पाडले, प्रत्येकाला नंबर दिला, मातीची प्रत ठरवली आणि तीस वर्षांसाठी सारा बांधून दिला. जमाबंदी म्हणतो ती हीच. आजही पुण्यातल्या जमाबंदी आयुक्तांच्या पदाला इंग्रजीत सेटलमेंट कमिशनर म्हणतात.

दुसरी सेटलमेंट माणसांची. १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला. सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या नव्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला, १९२४ मध्ये पुन्हा एकत्र करून मांडला गेला. या कायद्याने सरकार एखादी अख्खी जमात ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर करू शकत होतं. मग त्या जमातीच्या माणसांची नोंदवही, बोटांचे ठसे, ठरलेल्या वेळी हजेरी, गाव सोडायचं तर परवानगी. आणि त्याही पुढे जाऊन, लोकांना वस्तीत डांबण्याचा अधिकार. त्या वस्तीचं कायद्यातलं नाव ‘सेटलमेंट’. सहा वर्षांवरच्या आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना आईबापांपासून वेगळं करून शाळेत ठेवायचीही तरतूद त्यात होती.

जमिनीची प्रत आणि माणसाची प्रत. दोन्हींचा मुद्दा एकच: फिरतं, हलतं, न मोजता येणारं जे काही आहे ते एका जागी बसवायचं आणि वहीत लिहायचं. भटक्या माणसाला सातबारा नव्हता, म्हणून त्याच्यासाठी वेगळी वही निघाली.

मिशन इथे कसं आलं

या वस्त्या चालवायच्या कुणी? पोलीस खातं चालवू शकत होतं, पण सरकारला ‘सुधारणा’ही हवी होती आणि खर्चही कमी हवा होता. मिशनकडे शाळा चालवायचा अनुभव होता, परदेशातून येणारा पैसा होता, कायम मुक्काम ठोकून राहणारी माणसं होती. म्हणून सरकारने अनेक ठिकाणी हे काम मिशनकडे सोपवलं, सोबत अनुदान दिलं. उत्तरेत साल्व्हेशन आर्मी पुढे होती. मुंबई इलाख्यात सोलापूरच्या सेटलमेंटच्या कामात अमेरिकन मराठी मिशन होतं. आणि बारामतीत ऑस्ट्रेलियातल्या ‘चर्चेस ऑफ ख्राइस्ट’ या पंथाचं मिशन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ते या भागात काम करत होतं, आणि बारामतीच्या सेटलमेंटचा कारभार त्याच्याकडे आला.

इथे जरा थांबा. ‘मिशन देशाच्या बाजूचं की विरोधातलं’ हा प्रश्न इथे लावून बघा. उत्तर येत नाही. मिशन इथे सरकारचं कंत्राट सांभाळत होतं. ज्या हातात पाटी होती, त्याच हातात हजेरीची वही होती. मुलाला अक्षरं शिकवणारा माणूसच त्याच्या बापाच्या बाहेर जाण्यावर नजर ठेवत होता. काही मिशनरी मनापासून त्या मुलांसाठी झटले असतील, आणि तरीही ती शाळा कुंपणाच्या आतच होती. संशोधकाला ही दोन्ही वाक्यं एकाच परिच्छेदात लिहिता आली पाहिजेत. एक लिहून दुसरं गाळलं की आपण प्रचारक होतो, कुठल्या बाजूचे एवढाच काय तो फरक.

राष्ट्रीय चळवळीनेही हा कायदा पुढे प्रश्नाखाली आणला. १९३६ मध्ये नेल्लोरला नेहरूंनी त्याच्यावर जाहीर टीका केली. मुंबई इलाख्यात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आल्यावर क. मा. मुन्शी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली, तिचा अहवाल १९३९ चा आहे. पण कायदा देशभरातून रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडला. विमुक्त दिन म्हणून जो दिवस पाळतात, तो हाच. म्हणजे स्वातंत्र्यानंतरही काही माणसं पाच वर्षं कायद्याने जन्मजात गुन्हेगार होती. त्या पाच वर्षांची जबाबदारी मिशनवर ढकलता येत नाही, ती आपल्या प्रजासत्ताकाची आहे.

कुंपणानंतरचे पाझर तलाव

गोष्ट इथेच संपवली असती तर सोपी होती. पण बारामतीत पुढे आणखी काही घडलं.

नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला, त्याचं पाणी बारामती-इंदापूरच्या एका पट्ट्याला मिळालं. त्या पट्ट्यात ऊस आला, वालचंदनगरसारखा कारखाना उभा राहिला. बाकीचा भाग जिरायतीच राहिला. १९६० च्या दशकाच्या शेवटी दुष्काळ पडला, तेव्हा त्या जिरायती गावांत ख्रिस्ती मदतसंस्थेमार्फत धान्य आलं. ती संस्था ‘कासा’. १९४७ च्या फाळणीच्या काळात प्रोटेस्टंट चर्चेसनी एकत्र येऊन जे मदतकार्य सुरू केलं, त्यातून ती वाढली. अमेरिकेचं शिलकी धान्य चर्चच्या मदतसंस्थांमार्फत देशभर वाटलं जात होतं, त्याच साखळीतली ही एक कडी. मिलोच्या आठवणी तुमच्या आजीआजोबांना असतील, विचारून बघा.

बारामतीत हे धान्य नुसतं वाटलं गेलं नाही. कामाच्या बदल्यात धान्य, या पद्धतीने पाझर तलाव खोदले गेले. तरुण आमदार (शरद पवार १९६७ मध्ये बारामतीतून पहिल्यांदा निवडून आले), त्यांचे शेतीत रमलेले थोरले बंधू आप्पासाहेब पवार, मिशनचे संबंध आणि गावातली माणसं असं सगळं त्यात एकत्र आलं. १९७१ मध्ये बारामतीत अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टची स्थापना झाली. तिची पाळंमुळं याच कामात आहेत.

इथे एक इशारा. १९७२ च्या दुष्काळात राज्यात रोजगार हमीची कामं निघाली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. बारामतीचं काम त्याच्या आधीचं आहे, म्हणून ‘बारामतीतूनच रोजगार हमी जन्मली’ असं लिहिण्याचा मोह होतो. मलाही झाला होता. आधी घडलं म्हणून कारण ठरत नाही. रोजगार हमीचा स्वतःचा इतिहास आहे, वि. स. पागे यांचं नाव त्यात ठळक आहे. जोडणारा कागद हातात असेल तरच जोडा.

पण या तलावांमुळे माझा प्रश्न बदलला, हे खरं. सेटलमेंटच्या काळात सरकारने मिशनला माणसं ‘बसवायचं’ काम दिलं होतं. १९६० च्या दशकात स्वतंत्र देशाच्या लोकप्रतिनिधींनी ख्रिस्ती संस्थेच्या धान्याला ‘विकासाचं’ काम दिलं. संस्था ख्रिस्तीच, तालुका तोच, काम मात्र वेगळं. आणि पुढचं पाऊल आपल्याच काळातलं: एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने परदेशी निधी घेण्यासाठी लागणारी कासाची नोंदणी रद्द केली. एकेकाळी परदेशातून आलेलं धान्य ही तिची उपयुक्तता होती, आता परदेशातून येणारा पैसा हाच तिच्यावरच्या संशयाचा विषय झाला.

म्हणून सिनॉप्सिसमधलं वाक्य मी असं बदललं: ‘राज्यसंस्थेने वेगवेगळ्या काळात ख्रिस्ती संस्थांना कोणती कामं सोपवली, आणि त्या कामांचा भार कुणी उचलला?’ या प्रश्नाला कागद शोधावा लागतो. उत्तर आधी ठरवता येत नाही.

भार कुणी उचलला: कागदावरचं नाव

आता सर्वात अवघड भाग. इथपर्यंत आपण संस्थांबद्दल बोललो. माणसांचं काय झालं?

संविधान सभेत ख्रिस्ती प्रतिनिधींची भूमिका महत्त्वाची होती. अल्पसंख्याक उपसमितीचे अध्यक्ष एच. सी. मुखर्जी स्वतः ख्रिस्ती होते. १९४९ मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा सोडून देण्याच्या निर्णयाला ख्रिस्ती नेतृत्वाने साथ दिली. अनुच्छेद २५ मध्ये धर्म मानण्याच्या आणि आचरण्याच्या हक्कासोबत प्रसाराचा हक्कही राहिला. वरून बघता हा समेट चांगला होता.

पण १० ऑगस्ट १९५० ला राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींचा आदेश निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदानुसार हिंदू धर्माव्यतिरिक्त दुसरा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जाणार नव्हती. १९५६ मध्ये त्यात शीख जोडले गेले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आणि मुस्लिम आजही बाहेर आहेत. अनुसूचित जमातींच्या आदेशात अशी धर्माची अट नाही, हे लक्षात ठेवा, तोंडी परीक्षेत हमखास विचारतात.

१९८५ च्या सुसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की धर्मांतरानंतरही तितकाच जातीय जाच सोसावा लागतो हे दाखवावं लागेल. २००७ मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगाने तो तिसरा परिच्छेदच काढून टाकण्याची शिफारस केली. २०२२ मध्ये केंद्राने न्या. के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सेल्वराणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ख्रिस्ती धर्म आचरणाऱ्या व्यक्तीला केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करता येणार नाही.

आता हे सगळं बारामती-इंदापूरच्या वस्तीत आणून ठेवा. गुन्हेगार जमाती कायद्याने एका वहीत लिहिलेल्या जमाती स्वातंत्र्यानंतर वेगवेगळ्या याद्यांत गेल्या. मांग-गारुडी महाराष्ट्रात अनुसूचित जातीत आहेत. कैकाडी विदर्भात अनुसूचित जातीत, पण आपल्याकडे विमुक्त जातीत. कुंपण एकच होतं, दाखले मात्र वेगवेगळे. आणि जिथे अनुसूचित जातीचा दाखला आहे, तिथे आजोबांनी कधी बाप्तिस्मा घेतला होता का, हा प्रश्न नातवाच्या फीमाफीपर्यंत पोहोचतो.

तिने विचारलेला प्रश्न

इंदापूर तालुक्यातल्या एका गावात एका आजींची मुलाखत घ्यायला गेले होते. चहा झाला. मी फॉर्म काढला आणि नाव विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “कोणतं सांगू बाई? चर्चातलं का शाळेतलं?”

दारात त्यांचा नातू उभा होता. त्याची जात पडताळणी सुरू होती.

मी त्या क्षणी काहीच लिहिलं नाही. कारण माझा प्रबंध उद्या ‘शोधगंगा’वर जाईल, आणि तिथे कुणीही गावाचं नाव टाकून शोधू शकेल. त्या घराचं आडनाव, गाव आणि चर्च मी एका तळटीपेत लिहिलं, तर ती तळटीप एखाद्या तक्रारीला जोडली जाऊ शकते. मी लिहिलेलं खरंच असेल, पण किंमत तो मुलगा मोजेल.

काहीजण म्हणतील, मग ही फसवणूक झाकणं झालं. मी त्यावर बराच विचार केला. माझं आजचं उत्तर असं: दोन नावं ठेवायची वेळ त्या कुटुंबावर आली ती कायद्याच्या आखणीमुळे, आणि ती आखणी हाच माझ्या संशोधनाचा विषय आहे. ते मी सविस्तर लिहीन. पण विशिष्ट घर ओळखू येईल असं काही लिहिणार नाही. ‘छुपे ख्रिस्ती’ हा शब्दही वापरणार नाही, कारण तो आरोप करणाऱ्यांच्या तोंडातून आलेला शब्द आहे. सेटलमेंटच्या वहीत ‘गुन्हेगार’ लिहिणाऱ्या कारकुनालाही वाटत असेल की तो फक्त नोंद करतोय.

तुमच्या कामासाठी चार गोष्टी

एक. मिशनची पत्रं आणि सरकारी अहवाल शेजारी ठेवून वाचा. पत्र परदेशातल्या देणगीदाराला लिहिलेलं असतं, त्यात मनपरिवर्तनाच्या गोष्टी असतात. अहवाल वरिष्ठाला लिहिलेला असतो, त्यात हजेरी, मजुरी आणि शिक्षा यांचे आकडे असतात. दोन्हीकडे माणूस तोच, पण वेगळा दिसतो. जे दोन्हींत नाही, ते मुलाखतीत विचारा.

दोन. ‘ख्रिस्ती’ हा शब्द आला की विचारा, कोण? परदेशी मिशनरी, पगारी देशी धर्मोपदेशक, सेटलमेंटमधला सक्तीचा श्रोता की आजचा मतदार? या चौघांना एका शब्दात कोंबलं की प्रबंध तिथेच बिघडतो.

तीन. आत्मकथनं वाचा, पण पुराव्याला पर्याय म्हणून नको. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ किंवा लक्ष्मण मानेंचं ‘उपरा’ वाचल्याशिवाय कायद्याची कलमं कोरडी राहतात. पण त्यातलं गाव म्हणजे तुमचं गाव नव्हे.

चार. संमतीपत्रावर सही घेतली म्हणजे जबाबदारी संपली असं समजू नका. सही करणाऱ्याला शोधगंगा माहीत नसतं. तुम्हाला असतं.

त्या आजींना मी परत जाताना विचारलं, तुमचं नाव प्रबंधात नसेल, चालेल ना? त्या म्हणाल्या, “मग कशाला आलीस एवढ्या लांब?”

या प्रश्नाचं उत्तर अजून सापडलेलं नाही. माझ्या सिनॉप्सिसमध्ये रेघ मारलेलं वाक्य आता नाही, पण वहीच्या पहिल्या पानावर मी आजींचं हे वाक्य लिहून ठेवलंय. प्रत्येक प्रकरण लिहायला बसण्याआधी ते एकदा वाचते.